दैवी कारणाचा रकाना

"देव असेल तर त्याच्यावर खोटा आळ घ्यायचा नाही, आणि नसेल तर रिकाम्या खुर्चीच्या नावानं खडे फोडायचे नाहीत."

बॉयलर परीक्षक हे म्हणाला तेव्हा टायपिस्टबाईला कचेरीत लागून आठवडाही झाला नव्हता. एका गिरणीत बॉयलरची नळी फुटून दोन माणसं भाजली होती, आणि अपघाताच्या छापील फॉर्मात चौदावा रकाना होता : 'दैवी कारण'. हा फॉर्म कुणी केला, कधी केला, कुणालाच ठाऊक नव्हतं. आधीचे परीक्षक त्या रकान्यात काहीबाही लिहीत आलेले, म्हणून तिनंही एक ओळ टाइप केली. त्यानं कागद यंत्रातून ओढून काढला, लाल पेन्सिलीनं रकान्यावर अशी फुली मारली की कागद फाटला, आणि ते वाक्य बोलला. वर म्हणाला, "खापर फोडायला डोकं लागतं, बाई. देवाचं डोकं सगळ्यांत सोयीचं. त्याला टेंगूळ येत नाही. पुन्हा टाइप करा."

त्यानंतर एकोणीस वर्षं तिनं त्याचे अहवाल टाइप केले. चौदावा रकाना एकदाही भरला नाही.

कचेरीत त्याला माघारी सगळे 'त्याआधी' म्हणत. कारण अपघात झाला की तो फुटलेला तुकडा पोत्यात घालून आणायचा, टेबलावर ठेवायचा, त्याच्या शेजारीच डबा उघडायचा आणि समोर बसलेल्याला एकच प्रश्न विचारत राहायचा. नळी फुटली. त्याआधी? नळी तापली. त्याआधी? पाणी कमी झालं. त्याआधी? पंप बंद पडला. त्याआधी? विचारता विचारता माणसाचा घसा कोरडा पडायचा, आणि कारणांच्या त्या रांगेच्या टोकाला शेवटी कुणीतरी उभा सापडायचाच. न बघता सही करणारा. पैसे वाचवणारा. 'उद्या बघू' म्हणून घरी गेलेला. तो सापडला की परीक्षक पेन्सिल खाली ठेवायचा आणि उरलेली भाजी संपवायचा.

"आणि त्याच्याही आधी?" एकदा बाईनं चेष्टेनं विचारलं होतं. "त्या माणसाच्या आधी कोण?"

"ते गुरुवारचं काम," तो म्हणाला. "पगार मला फक्त इथपर्यंतचाच मिळतो."

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता नगर वाचनालयात वाद रंगायचा. विषय वर्षानुवर्षं एकच : देव आहे की नाही. ग्रंथपाल टोपीत दोन चिठ्ठ्या टाकायचा, एकीवर 'आहे', दुसरीवर 'नाही'. जी हाताला येईल ती बाजू मांडायची. एका बाजूला बहुधा परीक्षक, दुसऱ्या बाजूला शाळेतला गणिताचा मास्तर. परीक्षकाची मजा अशी की चिठ्ठी कुठलीही निघो, जिंकायचा तोच. या गुरुवारी देवाला सिंहासनावर बसवायचा, पुढच्या गुरुवारी त्याच हातांनी खाली ओढायचा. त्याला स्वतःला काय वाटतं, हे कुणी विचारलं की म्हणायचा, "मला चहा गरम हवा असं वाटतं." लोक हसायचे. बाईही हसायची. तिला त्याचा अभिमान होता. आता तो अभिमान आठवला की तिला स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटते.

कारण अकरा महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारी ती वहिनीला सोबत घेऊन गेली होती.

वहिनी म्हणजे तिच्या थोरल्या भावाची बायको. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी वाळवायचं आणि इस्त्रीचं काम करायची. हातांवर कोपरापर्यंत जुने चटके, आणि तोंड असं की समोरच्याला त्याहून मोठे चटके बसावेत. तिचं पहिलं मूल चार दिवसांचं होऊन गेलं, त्यानंतर दुसरं झालं नाही, आणि तेव्हापासून देवाचं नाव काढलं की ती म्हणायची, "तो घरी नसतो. मी दार वाजवून आले."

त्या दिवशी परीक्षकाला 'आहे' ही चिठ्ठी निघाली. तो जरा उशिरा, धावतपळत आला होता. शर्ट स्वच्छ होता, पण नखांत काळं ग्रीस. तो बोलायला लागला. म्हणाला, मालगाडी आपल्यासमोरून चालली आहे असं समजा. शेवटच्या डब्याला कोण ओढतं? त्याच्या पुढचा डबा. त्याला? त्याच्या पुढचा. डबे शंभर असोत की शंभर कोटी, नुसत्या डब्यांची गाडी चालत नाही. कुठंतरी असं काहीतरी असलं पाहिजे जे ओढतं, पण ओढलं जात नाही.

"इंजिनाला कोण ओढतं?" मास्तर ओरडला.

"इंजिनाला ओढावं लागलं तर मास्तर, त्याला इंजिन नाही, डबा म्हणतात."

सभागृह हसलं. मास्तर चिडला. म्हणाला, ठीक आहे, इंजिन आहे. मग रुळांवर तान्ही पोरं का चिरडली जातात? इतकं शहाणं, इतकं बलवान इंजिन, त्याला ब्रेक नाही का?

परीक्षकानं क्षणभर थांबून सगळ्यांकडे बघितलं. अशा वेळी कसं थांबायचं हे त्याला नेमकं माहीत होतं. मग हळू आवाजात म्हणाला, "यंत्र बिघडलं म्हणून ते बनवणारा कुणी नव्हताच, असं मी कुठल्या अहवालात लिहू? बिघाड दिसतो तो कसं चालायला हवं होतं हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून. ते कुणी शिकवलं?"

सगळ्यांत मोठ्या टाळ्या वहिनीच्या होत्या. येताना रस्त्यात तिनं बाईचा दंड धरला. मग म्हणाली, "वन्सं, मला आज पहिल्यांदा पटलं गं. म्हणजे माझ्या पोराच्या बाबतीत चुकलं, असं वाटणारं आणखी कुणीतरी आहे." त्या दिवसापासून सकाळी कामाला निघताना ती दारातून हात हलवून म्हणायची, "इंजिन आहे हं, वन्सं!" आणि हसायची.

अकरा महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी, धुलाईघराचा बॉयलर फुटला. भिंत पडली. तीन बायका गेल्या. त्यांतली एक वहिनी.

घरी माणसं आली. येणारा प्रत्येक जण खुर्चीत बसून तेच बोलायचा. देवाची इच्छा. वेळ आली होती. चांगली माणसं त्याला लवकर हवी असतात. इस्पितळाच्या विश्वस्तांपैकी एक जण तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "त्याच्या योजना आपल्याला कळत नाहीत."

"बॉयलरच्या कळतात का?" बाईनं विचारलं.

भावानं तिला आत ओढून नेलं. त्याचे डोळे सुजले होते. "बोलू दे की त्यांना. तुझं काय जातं?"

"दादा, हे लोक देवाच्या पाठीमागे लपताहेत."

"लपू दे. मलाही लपू दे," तो म्हणाला. पाव पोचवणारी गाडी चालवणारा साधा माणूस. सबंध आयुष्यात त्यानं कुणाशी आवाज चढवला नव्हता. "देवानं नेली म्हटलं की रात्री दोन तास तरी डोळा लागतो. माणसानं मारली असं कळलं तर मला त्याच्या दारात जावं लागेल. मग काय करू, सांग? देवाच्या दारात नुसतं बसता तरी येतं."

तिला त्याचा रागही आला आणि कीवही आली. मनात म्हणाली, थांब. परीक्षक साहेब आहेत. ते बरोबर टोकाला पोचतील.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. मुख्य साहेबांनी, ज्यांची उंची कमी आणि शिक्का मोठा होता, तिला सुट्टी घ्यायला सांगितलं. हा अहवाल दुसऱ्या विभागातली टायपिस्ट करेल, म्हणाले. ती म्हणाली, "तिला त्याआधीचं त्याआधी लिहिता येत नाही. मीच करणार." आणि यंत्रावरचं कापड काढलं.

परीक्षकानं पोत्यातून झडप आणून टेबलावर ठेवली होती. झडप म्हणजे बॉयलरच्या माथ्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. वाफेचा दाब मर्यादेबाहेर गेला की तिची दांडी वर उचलली जाते आणि वाफ बाहेर पडते. बॉयलर वर्षातून एकदा तपासताना भट्टी पेटवून दाब चढवायचा, झडप खरोखर उघडते का ते परीक्षकानं डोळ्यांनी बघायचं, आणि मग स्वतःच्या हातानं तिला तार गुंडाळून शिशाचं सील ठोकायचं, म्हणजे मागाहून कुणी छेडछाड करू नये. इतकं साधं काम. सील शाबूत होतं. त्याच्यावर परीक्षकाचाच शिक्का होता.

मंगळवारी तो भिंग लावून दांडी बघत बसला. मग भिंग मिटलं, डबा पिशवीत परत ठेवला. बुधवारी त्यानं दोन ओळी सांगितल्या. दाब वाढला. झडप उघडली नाही. बाई बोटं यंत्रावर ठेवून पुढच्या शब्दाची वाट बघत होती. एकोणीस वर्षं तो शब्द आपोआप आला होता. आला नाही. गुरुवारी तो वाचनालयात गेला नाही. ग्रंथपालाचा फोन आला. त्यानं उचललाच नाही.

त्याच दुपारी मुख्य साहेब आले. खुर्ची ओढून झडपेकडे न बघता बसले. "हे बघ, पाण्यात क्षार असतात. दाब अचानक चढतो. कुणाच्या हातात काय आहे? विश्वस्तांचं म्हणणं आहे, तीन घरांना आधीच पुरेसा त्रास झालाय. चौदावा रकाना आहेच की. काढून टाकायला हवा होता इतके दिवस, पण बरंच झालं राहिला. शनिवारी सकाळी सही."

बाईला वाटलं, आता हा उसळेल, लाल पेन्सिल शोधेल. परीक्षक म्हणाला, "बघतो."

बघतो! तिच्या डोक्यात तिडीक गेली. सगळे घरी गेल्यावर ती मागे थांबली आणि फायलींच्या कपाटातून गेल्या वर्षीच्या तपासणीच्या प्रमाणपत्राची प्रत काढली. तिनंच टाइप केलेली. 'वाफेवरील चाचणी : सायंकाळी सहा ते सात. झडप नियत दाबास उघडताना समक्ष पाहिली.' वर तारीख. तिनं भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं उलटली. गुरुवार.

सहा ते सात. त्या वेळी ती कुठे होती हे तिला घड्याळाशिवाय ठाऊक होतं. लाकडी बाकावर, वहिनीच्या शेजारी.

मग तिनं परीक्षकाच्या टेबलावरचं भिंग उचललं. दीड वर्षापूर्वी इस्पितळात कुणी बडे पाहुणे येणार म्हणून सगळं यंत्रघर राखाडी रंगवलं होतं. रंगाऱ्यानं झडपही सोडली नव्हती. दांडी जिथे आत सरकते तिथे रंगाची अखंड साय धरलेली होती, दुधावर धरते तशी. दांडी केसभर जरी हलली असती तर ती तुटली असती. कुठेही तुटली नव्हती. भिंग नसतं तरी चाललं असतं.

शुक्रवारी सकाळी तो आला तेव्हा प्रमाणपत्र झडपेखाली ठेवलेलं होतं. त्यानं बघितलं. टोपी काढून खुंटीला लावली. बसला.

"त्या दिवशी सहा ते सात तुम्ही कुठे होतात?" बाईनं विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"वाचनालयात." त्याचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. "देव आहे असं सिद्ध करत होतो."

"आणि झडप?"

"तेलाची गाडी उशिरा आली. भट्टी पेटायलाच पाच वाजले. वाफ धरायला आणखी दोन तास लागले असते. मी हातोडीनं ठोकून बघितली. आवाज बरा वाटला. माझा कान... लोक म्हणतात ना, माझ्या कानाशी पोलाद खोटं बोलत नाही." तो थांबला. "बोललं."

"तुम्हाला हे मंगळवारीच कळलं."

"हो."

"आज शुक्रवार आहे! चार दिवस तुम्ही तिथे बसून आहात. दुसऱ्या कुणाची सही असती तर मंगळवारी दुपारी तुम्ही त्याला सोलून काढला असता. भाजीसुद्धा संपवली असती वर!"

तिनं त्याला वहिनीचं सांगितलं. चार दिवसांच्या मुलाचं, दार वाजवून आल्याचं, रस्त्यात काय म्हणाली त्याचं, रोज सकाळी दारातून हात हलवण्याचं. एकेक गोष्ट ती त्याच्यासमोर टाकत गेली. तो ऐकत होता, आणि नखं बघत होता.

"तुमचं ऐकून ती त्या इंजिनावर विसंबली होती," बाई म्हणाली. "तुम्हाला स्वतःला तरी पटलेलं होतं का?"

"चिठ्ठी होती ती."

"उलटी चिठ्ठी निघाली असती तर?"

"तर देव नाही असं सिद्ध केलं असतं. तितकंच चांगलं. टाळ्याही मिळाल्या असत्या." मग अगदी हळू : "झडप तशीच राहिली असती."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून शिट्टी वाजवत गेलं. तो पुन्हा बोलू लागला, आणि त्याच्या आवाजात तिला गुरुवारचा तो सूर ऐकू आला, थांबून बोलण्याचा. "एक बाजू आम्ही कधी मांडलीच नाही, बाई. बनवणारा आहे. पण सील ठोकून निघून गेला. वर लिहून ठेवलं, सर्व काही ठीक, समक्ष पाहिले. असला देव मला ओळखू येतो. त्याच्या नखांत ग्रीस असतं..."

"गप्प बसा!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतली यंत्रं थांबली. "वाद घालू नका माझ्याशी! तीन बायका मेल्या आणि तुम्हाला अजून मुद्दा सुचतोय. देवावर खोटा आळ घ्यायचा नाही. तुमचंच वाक्य आहे ना? मग आता त्याला तुमच्या रांगेत उभं करू नका. तिथे एकच माणूस उभा आहे."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला हरवलं होतं, आणि तिला त्याचं काडीचं सुख झालं नाही.

त्या संध्याकाळी भावानं विचारलं, "झाला का अहवाल?" ती म्हणाली, "उद्या." "काय लिहिणार?" तिनं ताटातलं अन्न नुसतं इकडून तिकडे केलं. "दादा, तू उद्या कचेरीत ये." तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला समजलं असावं. हात धुऊन अंथरुणावर पडला, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "देवाचंच असू दे गं."

शनिवारी सकाळी मुख्य साहेब परीक्षकाच्या खोलीत आले ते शाईचा शिक्का हातात घेऊनच. बाई यंत्रासमोर बसली. भाऊ बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर, पावाच्या गाडीचा गणवेश घालून, गुडघ्यांवर हात ठेवून. दार उघडं होतं.

"चला, लवकर उरका," साहेब म्हणाले. "बाई, चौदावा. दैवी कारण : होय. खाली थोडं क्षारांचं लिहा."

बाईची बोटं हलली नाहीत. तिनं ठरवून ठेवलं होतं : हा गप्प राहिला तर प्रमाणपत्र घेऊन आपण थेट विश्वस्तांकडे, वर्तमानपत्राकडे, जिथे जाता येईल तिथे जायचं. पण ती वाट बघत होती. स्वतःलाच शिव्या देत वाट बघत होती.

"टाइप करा की!"

"झडप उघडली नाही," परीक्षक म्हणाला. तो उभा होता. "त्याआधी, बाई."

तिच्या बोटांना ओळखीची हाक आली.

"त्याआधी : झडप रंगानं जाम झालेली होती. त्याआधी : वार्षिक तपासणीत ती वाफेवर उघडून बघण्यात आली नाही. त्याआधी : भट्टीला उशीर झाला होता आणि परीक्षकाला थांबायचं नव्हतं."

"अरे, काय बडबडतोस?" साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "सही तुझी आहे तिथे! वेड लागलंय का? निवृत्तीला दोन वर्षं राहिली. तुरुंगात जाशील. तुला कुणी विचारलंय का? रकाना आहे, रकाना! तो असल्याच वेळेसाठी असतो!"

"परीक्षकानं बघितल्याचं खोटं लिहिलं," परीक्षक पुढे सांगत राहिला, मध्ये कुणी बोललंच नसावं तसा. "त्या वेळी तो नगर वाचनालयात भाषण करत होता. मृत तीन स्त्रियांपैकी एक त्या भाषणाला हजर होती. परीक्षक म्हणजे मी." मग त्याच्या ओठांवर पुन्हा 'त्याआधी' हा शब्द आला. तिनं बघितलं, आला होता. त्यानं तो गिळला. "पूर्णविराम."

यंत्राची घंटी वाजली. बाईनं कागद काढून त्याच्यासमोर धरला. तिला वाटत होतं, आता हा माफी मागेल. आणि मागितली की ती माफी त्याच्या तोंडावर फेकता येईल. दोन दिवस ती त्यासाठीच शब्द जमवत होती.

त्यानं सही केली. लाल पेन्सिल उचलली आणि चौदाव्या रकान्यावर फुली मारली. या वेळी कागद फाटला नाही. पेन्सिल झडपेशेजारी ठेवली, खुंटीवरची टोपी घेतली.

बाहेर भाऊ बाकावरून उठून उभा राहिला होता. सगळं त्याच्या कानांवर गेलं होतं. दोन्ही हात बाजूला लोंबत होते, आणि त्या हातांचं काय करायचं हे त्याला समजत नव्हतं. परीक्षक त्याच्यासमोर थांबला. मारायचं तर मारता यावं इतका वेळ, आणि इतका जवळ. भावाची मूठ वळली, सुटली, पुन्हा वळली. बाई दारात येऊन उभी होती. बोला, ती मनात ओरडत होती, एकोणीस वर्षं बोलत आलात, आता बोला.

त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि एक शब्दही न काढता जिना उतरून निघून गेला.